कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचे

गेल्या पावसाळ्यातील एका दुपारची हकीकत आहे. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात, जेथे त्या वेळी पंख्याच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज सहसा नसतो, तेथे मी जुन्या दाखल नोंदवह्या चाळीत बसलो असता, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी देवघेवीच्या टेबलापाशी आला आणि हातातील मोबाइल ग्रंथपालांच्या पुढे धरून म्हणाला, "सर, गीताई स्कॅन करून टाका नं आपल्या ग्रुपवर. आम्ही चाळीस जण आहो, अन् पुस्तकं तं दोनच."

"तसं टाकता येत नाही, बाबू."

"काऊन? गीता तं व्यासाची आहे नं? व्यास का आता पैसे मागाले येते?"

ग्रंथपाल हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण ग्रंथालयाच्या नोकरीत माझी तीस वर्षे गेली आहेत आणि असले प्रश्न निवृत्त माणसाकडे ढकलण्याची वहिवाट सगळीकडेच आहे. मी त्या मुलाला उत्तर देण्याऐवजी कपाटातून आणखी दोन पुस्तके काढून त्याच्यापुढे ठेवली. एक ‘श्यामची आई’ आणि दुसरे ‘गीता प्रवचने’. पहिले साने गुरुजींनी लिहिले; दुसरे विनोबा बोलले आणि साने गुरुजींनीच ते ऐकता ऐकता उतरून घेतले. दोन्ही पुस्तकांचा जन्म तुरुंगातला, दोन्हींवर एकाच हाताची मेहनत. पण ‘श्यामची आई’ची मूळ संहिता हवी तर आज संध्याकाळीच स्कॅन करून साऱ्या जगाला वाटता येईल, आणि ‘गीता प्रवचनां’चे एक प्रकरणही तसे वाटता येणार नाही. असे का, हे कळले म्हणजे विनोबांच्या गीताईचा उलगडा आपोआप होतो, आणि आजच्या ग्रंथपालाची अर्धी चिंताही दूर होते. उरलेली अर्धी दूर होत नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

गाय, वासरू आणि पुस्तक

आमच्या जिल्ह्यातील शेतकरी गवळाऊ जातीची गाय बाजारातून विकत आणतो, तेव्हा तिचे दूध त्याचे, शेण त्याचे, आणि पुढे तिला वासरू झाले तर तेही निर्विवाद त्याचेच. पुस्तकाचा व्यवहार दिसायला असाच असतो, परंतु एका ठिकाणी तो निराळा आहे. पुस्तक विकत घेतल्यावर ते वाचावे, शेजाऱ्याला उसने द्यावे, मृत्युपत्राने नातवाला ठेवावे, रद्दीत विकावे, एवढेच काय पण चुलीत घालावे, तरी कोणी हरकत घेऊ शकत नाही. मात्र त्या पुस्तकाचे वासरू, म्हणजे त्याची नवी प्रत, आपल्या मालकीची होत नाही. ती काढावयाची किंवा काढू द्यावयाची, हा अधिकार लेखकाच्या, अथवा लेखकाने ज्याला तो लिहून दिला असेल त्याच्या, हातात राहतो. या अधिकारालाच स्वामित्वहक्क म्हणतात, आणि बोलीत आपण सगळेच कॉपीराइट म्हणतो.

आयर्लंडमध्ये यासंबंधी एक फार जुनी आख्यायिका आहे. सहाव्या शतकातील एका साधूने दुसऱ्या साधूच्या स्तोत्रग्रंथाची गुपचूप नक्कल केली. तंटा राजापुढे गेला, आणि ज्याची गाय त्याचे वासरू, म्हणून ज्याचा ग्रंथ त्याचीच नक्कल, असा निवाडा राजाने दिला. त्या राजाने गाय आणि वासरू एकाच दावणीला बांधले. आजच्या कायद्याने ती सोडवून वेगवेगळ्या गोठ्यांत नेली आहेत: गाय ग्रंथालयाच्या फळीवर, वासरे लेखकाच्या दारात.

ग्रंथालय नावाची संस्था उभी आहे ती या विभागणीमुळेच. भारतीय कायद्याने प्रती लोकांत आणण्याचा अधिकार लेखकाला दिला, परंतु जी प्रत एकदा व्यवहारात आली तिच्यावरील हा अधिकार तेथेच संपविला. म्हणून एकच कादंबरी ग्रंथपाल शंभर सभासदांना पाळीपाळीने देतो आणि लेखकाला एका पैशाचाही हिशोब द्यावा लागत नाही. प्रत एक, वाचणारे अनेक, आणि एका वेळी एकच: या साध्या नियमावर आपल्या ग्रंथालयांची देवघेव आजवर चालत आली आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेले पुस्तक या नियमात बसत नाही, कारण तेथे पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. पहिल्याच्या हातात राहून चाळीस जणांच्या हातांत नव्याने जन्म घेते. त्या मुलाला हे पटकन कळले. "म्हणजे चाळीस वासरं," तो म्हणाला.

साठ वर्षे आणि एक जानेवारी

आता मुदतीचा भाग. जमिनीची मालकी पिढ्यान्‌पिढ्या चालते; शब्दांची मालकी तशी चालत नाही. १९५७च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर त्यापुढील १ जानेवारीपासून मोजावयाची असतात. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत वारलेला आणि डिसेंबरात वारलेला, दोघांचेही खाते एकाच दिवशी बंद होते. दर वर्षी १ जानेवारीला काही लेखकांचे शब्द असे मोकळे होतात, आणि त्या दिवशी ना कोठे दवंडी पिटली जाते, ना कोणी फेरफाराची नोंद घेतो.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१च्या अखेरीस संपावयाचा होता; तो संपण्याच्या अगदी तोंडावर सरकारने वटहुकूम काढून, आणि पुढील वर्षी त्याचा कायदा करून, मुदत साठ वर्षांवर नेली. मांडव रवींद्रनाथांसाठी घातला गेला. सावली मात्र सगळ्यांनाच मिळाली. हा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटत नाही, परंतु तो कायदा आहे.

त्या सावलीत वर्ध्याचे किती लोक आले पाहा. गांधीजी ३० जानेवारी १९४८ला गेले. जुन्या हिशोबाने त्यांचे ग्रंथ १९९९च्या आरंभी मोकळे व्हावयाचे, ते १ जानेवारी २००९ला झाले. त्यांचे चरित्र या बाबतीत मोठे मनोरंजक आहे. ‘हिंद स्वराज’चा इंग्रजी अनुवाद १९१० साली दक्षिण आफ्रिकेत छापला, तेव्हा त्यावर त्यांनी कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असे स्पष्ट छापून टाकले होते, आणि त्याच गांधीजींनी, लेखनाचा विपर्यास करून धंदा करणारे पुढे पाहिल्यावर, १९४०च्या मृत्युपत्राने आपल्या लेखनाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन संस्थेच्या हवाली केले. तत्त्व आणि व्यवहार यांची सांगड घालणाऱ्या माणसाला असे करावे लागते. २००९ साली मुदत संपली तेव्हा नवजीवनने ती वाढवून मागण्याचा खटाटोप केला नाही, हे त्या संस्थेला शोभलेच.

गांधीजींच्या सेवाग्रामच्या मंडळीतील किशोरलाल मशरूवाला १९५२ साली वारले. त्यांचे ग्रंथ २०१३पासून मोकळे आहेत. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचा भार वाहणारे जे. सी. कुमारप्पा १९६० साली, तेही ३० जानेवारीलाच, गेले. त्यांची पुस्तके २०२१च्या पहिल्या दिवसापासून कोणालाही छापता येतात. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते महापंडित राहुल सांकृत्यायन १९६३ साली निवर्तले, आणि २०२४च्या १ जानेवारीला त्यांचे प्रवासग्रंथ सर्वांचे झाले. साने गुरुजी १९५०चे. म्हणून ‘श्यामची आई’ २०११पासून मोकळी. आणि विनोबा? पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी १५ नोव्हेंबर १९८२ला देह ठेवला. साठ वर्षे मिळवा: गीताईवरील हक्क ३१ डिसेंबर २०४२च्या मध्यरात्रीपर्यंत जिवंत आहे.

मूळ मोकळे, भाषांतर बांधलेले

पण गीता व्यासांची आहे, हा मुलाचा मुद्दा राहिलाच. गीता कोणाच्याच मालकीची नाही, हे अगदी खरे. आणि नेमक्या याच कारणाने विनोबांना तिचे मराठी समश्लोकी रूपांतर कोणाची परवानगी न मागता करता आले. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत त्यांनी जे शब्द जोडले, जी मराठी घडविली, ती व्यासांची नव्हे, विनोबांची. नदी सर्वांची असते, परंतु तिच्यातून भरून डोक्यावर आणलेली घागर ज्याने आणली त्याची होते. उद्या दुसऱ्या कोणी गीतेचे आपले मराठी रूपांतर करावयाचे म्हटले तर गीताईचा हक्क त्याच्या आड येत नाही. त्याने आपली घागर खुशाल भरावी, विनोबांची उचलू नये, एवढेच.

ही गोष्ट ग्रंथपालांच्या ध्यानातून वारंवार निसटते. गांधीजींची मूळ गुजराती आत्मकथा मोकळी झाली म्हणून पुष्कळांनी ‘सत्याचे प्रयोग’ची मराठी प्रतही मोकळी मानली, वास्तविक तो अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच कोकणातील अप्पा पटवर्धन, यांचा, आणि ते १९७१ साली वारले. म्हणजे मूळ पुस्तक २००९ साली सुटले, आणि त्याचे मराठी अंग २०३१ संपेपर्यंत बांधलेले. एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या गुजराती, इंग्रजी आणि मराठी प्रतींच्या मुदती अशा वेगवेगळ्या असतात. म्हणून स्कॅनरचे झाकण उघडण्यापूर्वी मुखपृष्ठ नव्हे, आतील पान पाहावे: अनुवादक कोण, संपादक कोण, प्रस्तावना कोणाची, चित्रे कोणाची.

लेखणी गुरुजींची, वाणी विनोबांची

‘गीता प्रवचनां’चा पेच याहून सुरस आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते झरझर लिहून घेत. गुरुजींची लेखणी नसती तर ते शब्द भिंतींनी ऐकले असते आणि तेथेच संपले असते. मग लेखक कोण?

विलायतेत हा प्रश्न १९०० साली तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे आला होता. लॉर्ड रोझबेरी यांची भाषणे ‘टाइम्स’च्या बातमीदारांनी शब्दशः उतरून छापली, दुसऱ्या प्रकाशकाने ती तेथून उचलून पुस्तक काढले. न्यायमूर्तींनी उतरून घेण्याच्या कौशल्याला आणि श्रमाला मान दिला आणि त्या वृत्तांतांवर हक्क बातमीदारांचा ठरविला. त्या न्यायाने पाहिले तर गुरुजींच्या लेखणीची बाजू काही कमी बळकट नव्हती! आपल्या कायद्याने पुढे निराळी वाट धरली. १९८३च्या दुरुस्तीने असे स्पष्ट केले की जाहीरपणे केलेल्या भाषणाचा पहिला स्वामी भाषण करणारा. उतरून घेणारा नव्हे. तुरुंगातील रविवारची बैठक ‘जाहीर’ म्हणावी काय, ही वकिलांच्या करमणुकीची बाब आहे. प्रत्यक्षात हा वाद कधी उद्भवला नाही, आणि त्या दोघांच्या बाबतीत तो उद्भवणे कल्पनेतही येत नाही. ग्रंथपालाने मात्र कायद्याच्या सरळ वाटेने जावे आणि ‘गीता प्रवचने’ विनोबांच्या खात्यावर, म्हणजे २०४२च्या अखेरपर्यंत, धरावीत. एकाच हाताने लिहिलेल्या दोन पुस्तकांच्या मुदतींत बत्तीस वर्षांचे अंतर पडले ते असे.

एका पोस्टकार्डाची कथा

आमच्या भागातील ग्रंथालयांना एक प्रसंग हटकून येतो. कोणा जुन्या कार्यकर्त्याच्या घरचे लोक घर पाडावयास काढतात, माळ्यावरील पत्र्याची पेटी खाली येते, आणि तिच्यात चार पोस्टकार्डे सापडतात. असे एक कार्ड माझ्याही हातात आले होते. पिवळट पडलेले, एका कोपऱ्यावर उंदराने कुरतडलेले, सेवाग्रामचा टपालाचा शिक्का अर्धाच उमटलेला, आणि मजकूर अवघा सात ओळींचा: चरख्याचे सूत किती निघाले, मुलाचा ताप उतरला की नाही, आणि पैशाची तजवीज होईल तेव्हा होईल. आणणाऱ्या काकूंनी ते पदराच्या टोकाने पुसून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे आमचं आहे, तुम्ही छापा. आमची हरकत नाही."

काकूंचे म्हणणे अर्धे खरे होते. कार्ड त्यांचेच; सासऱ्यांना आलेले, वारशाने त्यांच्याकडे आलेले. ते ग्रंथालयाला बक्षीस देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु त्या सात ओळींवरील स्वामित्वहक्क पत्र ज्याला आले त्याच्याकडे कधी गेलाच नव्हता. तो लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांकडे राहिला. कागद एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे, ही स्थिती पुस्तकात तेवढी डोळ्यांवर येत नाही. पत्रात ती लख्ख दिसते.

येथे मुदतीचे आणखी एक वळण आहे. लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्धच झाले नाही, त्याची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, प्रथम प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजली जातात. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई १९४२ साली वारले, परंतु त्यांची रोजनिशी पुस्तकरूपाने त्यांच्या मृत्यूनंतरच बाहेर येऊ लागली. म्हणून तिच्या प्रत्येक खंडाचे घड्याळ स्वतंत्र. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर इंग्रजी खंड भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५८ ते १९९४ या काळात काढले. एखादे पत्र त्यांतील शेवटच्या खंडांत प्रथमच छापले गेले असेल, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याची मुदत २०५४पर्यंत जाते. आणि पेटीतून आजच निघालेल्या, कोठेच न छापलेल्या पत्राचे घड्याळ तर सुरूच झालेले नाही!

मग काकूंचे पोस्टकार्ड कायम बंद पेटीतच राहावे काय? नाही. कायदा करणाऱ्यांना ही अडचण दिसली होती. लोकांना जेथे प्रवेश आहे अशा ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत, लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर, संशोधनासाठी, खासगी अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने काढता येते. म्हणून मी काकूंना म्हटले, "तुम्ही कार्ड आमच्याकडे ठेवा. पेटीत ते नुसतं तुमचं आहे. इथे ते अभ्यासकांच्या कामाचं होईल." त्यांनी बक्षीसपत्रावर सही केली, आणि कुरतडलेला कोपरा आता आणखी झिजणार नाही अशी खात्री तीन वेळा करून घेतली.

ग्रंथपालाच्या हातातील मुभा

कायदा म्हटला की आमचे ग्रंथपाल बंधू भितात, आणि भीतीपोटी कायद्याने दिलेली मुभाही वापरीत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे. शिक्षा आहे हे खरे. उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड कायद्यात लिहिला आहे. परंतु त्याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात अपवादांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात ग्रंथालयाचे नाव घालून काही गोष्टी दिल्या आहेत.

पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नसेल, तर नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. वाळवीने निम्मे खाल्लेले, तीस वर्षांत पुन्हा न छापलेले पुस्तक शेजारच्या ग्रंथालयातून मागवून त्याची प्रत फळीवर ठेवणे म्हणजे चोरी नव्हे, कर्तव्य होय. २०१२च्या दुरुस्तीने याला एक जोड दिली: ज्या ग्रंथाची कागदी प्रत ग्रंथालयापाशी आहे, तो जतनासाठी संगणकावर साठविता येतो. येथे ‘जतन’ हा शब्द अधोरेखित करावा. धान्य कणगीत भरून ठेवण्याची ही परवानगी आहे, गावजेवण घालण्याची नव्हे. साठविलेली प्रत संकेतस्थळावर उघडी टाकली की आपण अपवादाच्या कुंपणाबाहेर गेलो.

वाचकाच्या बाजूनेही मुभा आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी किंवा टीका-परीक्षणासाठी ग्रंथाचा रास्त वापर करता येतो. वर्गातील शिक्षणासाठी तर न्यायालयाने फारच मोकळा हात दिला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे गठ्ठे बांधून विकले जात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली त्याविरुद्ध दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये तो फेटाळला, डिसेंबरातील अपिलातही शिक्षणाच्या ओघात लागणाऱ्या प्रती काढता येतात हे तत्त्व कायम राहिले, आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. झेरॉक्सच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढीला त्या दुकानाचे नाव माहीत नाही. माहीत असावयास हवे होते.

दृष्टिहीनांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा तत्सम रूपात ग्रंथ करून देण्यास बहुधा कोणाची परवानगी लागत नाही. यासंबंधीचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ साली मान्य करणारा जगातला पहिला देश भारत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

अडते ते अनाथ पुस्तकांपाशी. शेताचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो. पुस्तकाचा कोठेच मिळत नाही, कारण स्वामित्वहक्काला नोंदणी आवश्यक नसते, लेखन होताच तो जन्मतो. मग १९६५ साली आर्वीत किंवा हिंगणघाटात छापलेल्या एखाद्या पुस्तिकेचा लेखक कोण, तो कधी वारला, वारस कोठे आहेत, छापखाना कोणी विकत घेतला, याचा पत्ता लागत नाही. अशा ग्रंथासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात देऊन, अर्ज करून सक्तीचा परवाना मागण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु ज्या ग्रंथालयाचे अनुदान दिवे आणि वर्तमानपत्रे यांतच संपते, त्याने दिल्लीच्या दैनिकात जाहिरात द्यावी ही कल्पना ज्याने मसुद्यात घातली, त्याने तालुक्याचे ग्रंथालय आतून पाहिलेले नसावे.

[चौकट : स्कॅन करण्यापूर्वी]
लेखक जिवंत आहे काय? नसल्यास मृत्यूचे वर्ष शोधा आणि त्यात ६१ मिळवा. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून ग्रंथ मोकळा. अनुवाद असेल तर अनुवादकाचेही वर्ष पाहा. मजकूर मृत्यूनंतर प्रथम छापला असेल, किंवा लेखकाचे नावच छापलेले नसेल, तर ६१ मिळवावयाचे ते प्रसिद्धीच्या वर्षात. मुदत उरली आहे पण पुस्तक बाजारात नाही: ग्रंथालयापुरत्या तीन प्रती. मुदत उरली आहे आणि प्रत आपल्या फळीवर आहे: जतनापुरती संगणकीय प्रत, जाहीर वाटप नाही. छायाचित्रांचा हिशोब अनेकदा निराळा असतो; ते वेगळे तपासा.

मक्त्याचे वावर

आता उरलेली अर्धी चिंता. इतका वेळ आपण कागदाच्या पुस्तकाबद्दल बोललो, जेथे निदान गाय आपल्या गोठ्यात असते. ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके यांच्या बाबतीत गायही आपली नसते. प्रकाशकाला पैसे भरल्यावर ग्रंथालयाला मिळतो तो ग्रंथ नव्हे, वापरण्याचा परवाना. आमच्याकडे वावर मक्त्याने घेतात, तसाच हा प्रकार: मक्ता आहे तोवर पीक घ्या, मुदत संपली की बांधावरून पाय मागे. दहा वर्षे वर्गणी भरूनही, अकराव्या वर्षी ती थांबली तर जुने अंकसुद्धा डोळ्यांआड होतात, असे करार मी वाचले आहेत. छापील अंकांची वर्गणी थांबली तरी मागील दहा वर्षांचे गठ्ठे कपाटात राहत. त्यावर धूळ बसे, पण ते आपले असत.

कायद्याने दिलेली मुभा एकीकडे आणि करारातील अटी दुसरीकडे, अशी येथे ओढाताण होते. करारात लिहिलेले असते की प्रत बाहेरच्या वाचकाला द्यावयाची नाही, ठरावीक पानांपलीकडे उतरवावयाचे नाही, दुसऱ्या ग्रंथालयाला उसने द्यावयाचे नाही. वर कुलूप असतेच. ते कुलूप उल्लंघनाच्या हेतूने फोडणे २०१२पासून गुन्हा आहे. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडल्यास या कलमाचा अडसर येत नाही, अशी पळवाट नव्हे तर सरळ वाट त्याच कलमात ठेवली आहे. किल्ली कोठून आणावी, हे मात्र त्यात लिहिलेले नाही.

अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने कागदी पुस्तके स्कॅन करून, जितक्या प्रती हाती तितक्याच वाचकांना एका वेळी संगणकावरून उसन्या देण्याचा, म्हणजे आपली देवघेवच नव्या माध्यमात चालविण्याचा, प्रयत्न केला. प्रकाशकांनी २०२०मध्ये दावा लावला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये अपिलाच्या न्यायालयानेही निकाल संस्थेच्या विरुद्ध दिला. संगणकाच्या जगात ‘उसने देणे’ म्हणजे प्रत काढणेच ठरते, हे त्या निकालाचे मर्म. ग्रंथालयाच्या मुळावर येणारे ते आहे असे मी समजतो.

आपल्याकडे सरकारने मक्त्याचा भार स्वतःवर घेण्याचा मार्ग धरला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतील सहा हजार तीनशेहून अधिक संस्था. वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय असल्यामुळे त्याला ही दारे उघडली. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे नाव या यादीत नाही. आणि त्याच तालुक्यातील एखादी परिचारिका किंवा शेतीचा पदवीधर जेव्हा एखादा शोधनिबंध मागतो, तेव्हा ग्रंथपालाने त्याला काय द्यावे, हा प्रश्न सहा हजार कोटींनंतरही तेथेच आहे.

गोपुरीच्या शिळा

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले की गीताईची छोटी प्रत फार थोड्या पैशांत मिळते, चाळीस जणांनी वर्गणी काढली तर एका जेवणावळीइतकाही खर्च येणार नाही. आणि नुसते पाहावयाचे असेल तर वर्ध्याला गोपुरीत जा. तेथे १९८०मध्ये खुले झालेले गीताई मंदिर आहे: भिंती नाहीत, छप्पर नाही, मूर्ती नाही; उघड्या आकाशाखाली उभ्या केलेल्या शिळांवर अठराही अध्याय कोरलेले.

पुढल्या आठवड्यात तो परत आला. अठरा अध्यायांच्या शिळांचे फोटो त्याने मोबाइलमध्ये भरून आणले होते. कोठे उन्हाची तिरीप अक्षरांवर पडलेली, कोठे त्याच्याच बोटाची सावली.

"आता सांगा सर, हे चालते का?"

मी जरा विचारात पडलो. उघड्या जागी कायमची उभारलेली शिल्पे टिपण्यास कायद्याने मोकळीक दिली आहे. पण शिळेवर कोरले म्हणून काव्याचे शिल्प होत नाही. अर्थात स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी टिपले असेल तर तो रास्त वापर म्हणता येईल. मी त्याला तसे सांगितले, आणि पुढे म्हणालो, "फक्त हे इतरांना पाठवू नकोस, म्हणजे झालं."

त्याने मोबाइल हळूच खिशात घातला.

"ग्रुपवर तं काल रातीच टाकले, सर."